आधी चालून ये

चाळीसगाव, सोमवार, रात्रीचे दहा

पोरी,

तुझा मेसेज पहाटे पाहिला. "आप्पा, मे महिन्यात जळगावच्या मेहरूण तलावाला फेऱ्या मारणारी मी, तिकडे कोकणात 32 अंशात डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. रविवारी तर पायऱ्या उलट्या तोंडाने उतरले. आते काय करू, सोडी देऊ का?" ते 'सोडी देऊ का' दिवसभर डोक्यात घुमत राहिलं. दुपारी ताटात शेवभाजीचा रस्सा सांडला. काकू म्हणाल्या, काय झालं? म्हटलं, काही नाही.

सोडायचं की धरायचं ते तुझं तू बघ. मला एकच विचारायचंय. मुरुडजवळच्या फणसाडच्या रानातल्या त्या वाटेने पळण्याआधी तू एकदा तरी चालली होतीस का?

नव्हतीस. तुमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपचा बेत मी वाचला होता. शनिवारी पळायचं, रविवारी डोंगर चढायचा. म्हणजे अनोळखी रानात पहिल्या दिवशी धावायचं आणि दुसऱ्या दिवशी, पाय कामातून गेल्यावर, चालायचं. माझे वडील नवा बैल आणला की पहिल्या दिवशी त्याला जुंपत नसत. बांधाबांधाने फिरवून आणत, विहिरीवर पाणी दाखवत, गोठ्यात बांधत. बैलाला जी सवलत मिळायची ती तू स्वतःला दिली नाहीस.

आता उन्हाचं. आपण खान्देशची माणसं, आपल्याला काय ऊन लागतंय, असं तुझ्या मनात आहे. लागतं गं. फक्त आपलं ऊन कोरडं. इथे घाम आला की उडतो, आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर जवळजवळ 580 किलोकॅलरी. म्हणून मेहरूणहून घरी येतेस तेव्हा टी-शर्ट कोरडा असतो आणि पाठीवर मिठाची पांढरी नक्षी. समुद्राकाठी हवाच पाण्याने भरलेली. तिथे घाम उडत नाही, नुसता गळतो. गळलेला घाम उष्णता नेत नाही, तुझं मीठ आणि पाणी मात्र नेतो. आपल्याकडे वैशाखात माठातलं पाणी दाताला कळ आणतं. तोच माठ मुरुडला नेऊन ठेव, पाणी तेवढं गार व्हायचं नाही. म्हणून काय माठ फुटका?

दमट हवेची सवय व्हायला अंगाला दहा-चौदा दिवस लागतात. तू रात्रभर गाडीत बसून गेलीस आणि सकाळी बुटाच्या नाड्या आवळल्यास. चालली असतीस तर पहिल्या तासाभरातच अंगाने सांगितलं असतं की इथे काहीतरी वेगळं आहे. पळताना अंगाचं ऐकू येत नाही, छातीचा भाताच ऐकू येतो. आणि तू प्यायलेलं ते तीन लिटर पाणी! नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही जिवावर बेतू शकतं. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. शाळेत पोरांना मी हेच द्यायचो. लिंबू पिळ हवं तर. त्या रंगीत बाटल्यांवर किती पैसे घालवलेस ते विचारत नाही.

रविवारच्या पायऱ्यांचं कारण शनिवारच्या उतारात आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना ताणले जात भार पेलतात. हे दुसरं काम जास्त मोडतोड करतं, आणि त्याची कळ लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. मेहरूणची फेरी ताटासारखी सपाट, तुझ्या मांड्यांना उतार कुठून माहीत असणार? एकदा सोसलं की पुढचे काही आठवडे तसलाच उतार तितका छळत नाही. पण त्यासाठी तो आधी चालत उतरायचा असतो. कळतंय ना मी कुठे येतोय?

आधी चालून ये. एवढंच. मी पंचवीस वर्षं हेच बडबडतोय.

का बडबडतोय ते तुला कधी सांगितलं नाही. आमच्या शाळेत गणिताचा एक मास्तर होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही दोघं रविवारी पाटणादेवीच्या रानात जायचो. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथल्याच पाटण्याला मठ काढला होता, हे तो दर वेळी पहिल्या चढालाच सांगायचा, जणू मी पहिल्यांदा ऐकतोय. 1998 सालचा फेब्रुवारी. पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या बाजूला चढून गेलो आणि परतताना मला हुक्की आली की पळत उतरू. वाट माहितीची होती, असं मला वाटलं. पण मी ती चढलो होतो, उतरलो कधीच नव्हतो. दर वेळी दुसऱ्या बाजूने खाली यायचो. चढलेली वाट उतरताना वेगळीच असते, हे चाळिशीच्या आतल्या माणसाला कोण सांगणार?

सागाची पानगळ झाली होती. ती मोठी, कडक पानं तू पाहिली आहेस, पापडासारखी वाजतात. त्यांच्याखाली सुटा मुरूम होता, बोराएवढे खडे. वरून दिसतात फक्त पानं. मी पुढे होतो, माझा पाय घसरला आणि सावरला. मागे ओरडायला हवं होतं. मी नाही ओरडलो. तोंडात वारा भरला होता आणि मजा येत होती. दहा पावलांनी मागून पानांचा एक लांबलचक आवाज आला, आणि मग नुसतं 'आई गं'. घोटा असा फिरला होता की बुटाचं टोक मागे बघत होतं.

गुराख्यांनी दोन काठ्यांना धोतर बांधून झोळी केली. खाली यायला चार तास लागले. तो आजही लंगडतो. कधी एका शब्दाने बोलला नाही मला. त्याची बायको मात्र मी गेलो की आतल्या खोलीत जाते, अजूनही.

मी त्याला पळ म्हटलं नव्हतं. तो त्याच्या पायाने पळाला. हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा म्हटलंय त्याची गणती नाही, आणि लिहून पाहिलं तरी ते तसंच दिसतं, धड खरंही नाही, धड खोटंही नाही. पण पुढचा जो असतो ना, त्याच्या पायावर मागच्याचा भरवसा असतो. त्या उताराने मी एकदा चालत आलो असतो तर मला तो मुरूम माहीत असता. बस.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. ग्रुपमध्ये मला 'ब्रेक आप्पा' म्हणतात, मला कळत नाही असं समजू नकोस. लळिंगच्या किल्ल्यावरची नवी वाट मी अडवली होती, आठवतं? कोणी चालून आलेलं नाही, मी येणार नाही, तुम्हीही जाऊ नका म्हटलं. सगळे गेले. सगळे धडधाकट परतले, वरून सूर्योदयाचे फोटो टाकले, खाली मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे. फार सुंदर फोटो होते. मी त्या पहाटे घरात पेपर वाचत बसलो होतो. काही झालं नाही म्हणजे ते बरोबर होते असं नाही, हे मी तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो. पण तो सूर्योदय माझा हुकला, हेही खरं. तू परत आल्यावर म्हणालीस, आप्पा तुम्ही हवे होतात. मी काहीतरी तुसडं बोललो. राहिलंच होतं सांगायचं.

चालण्यात दुसरं एक आहे, चालणाऱ्याला थांबून कोणाला तरी विचारता येतं. पळणाऱ्याला माणूस दिसतो तो फक्त आडवा आलेला. मी पहिल्यांदा कोकणात गेलो तेव्हा पुळण संपल्यावर खडकांवरून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. दीडला निघालो, चारला वळलो, तर मघाचे खडक गायब. तापीकाठचा माणूस मी, पाणी वरून खाली जातं एवढंच ठाऊक. पाणी आडवं चालत येतं हे कोणी शिकवलंच नव्हतं. एका उंच खडकावर अंधार पडेपर्यंत पाय वर घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी एका कोळी आजोबांनी हसून हसून हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट कर, तेवढे वाजता भरती पुरी. काल षष्ठी होती, सहाची पाऊणपट साडेचार. पंधरवडा शुक्ल असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. रोज वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. घट्ट, ओली, पळायला चांगली वाळू ओहोटीलाच मिळते. तुम्ही शनिवारी भुसभुशीत वाळूत पळत होता म्हणालीस. कोणाच्या खिशात कॅलेंडर नव्हतं का? अंगणातल्या एखाद्या म्हातारीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

आणि शेकरू. तू लिहिलंस, फणसाडला जाऊन शेकरू दिसलं नाही. कसं दिसेल? वीस जणांच्या बुटांचा धडधडाट, वर तुझ्या कानात गाणी. चिडतोय असं वाटेल, पण मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या लांब गेलीस आणि ते रान तुला फक्त घड्याळातल्या आकड्यांत भेटलं.

तर आता असं कर. पुढच्या शुक्रवारी रात्री इकडे ये, आमच्याकडेच राहा. काकू कळण्याच्या भाकरी बांधून देतील, ठेचा मी कुटतो. शनिवारी पाटणादेवी, इथून 18 किलोमीटर, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत जाऊ. चालायचं. ज्या वाटेने वर त्याच वाटेने खाली. कड्याला आग्या मोहोळं कुठे लागलीत ते बघू, तिथे आवाज करायचा नाही आणि अत्तर-बित्तर लावून यायचं नाही. ओल्या मातीत बिबट्याचा ठसा सापडला तर दाखवीन. सुटा मुरूम जिथे जिथे आहे तिथे तू मला सांगायचं, मी तुला नाही. रविवारी पळावंसं वाटलं तर पळ. तू पुढे, मी मागे. गुडघा माझा आता तुझ्या वेगाचा नाही, पण उतारावर आवाज द्यायला मला तोंड आहे.

त्या मास्तरालाही, माझ्या गणितवाल्याला, मी नाक्यापर्यंत तरी चल म्हणून विचारणार आहे. येईल न येईल. बघू.

तुझा,
आप्पा

ता. क. बूट समुद्राच्या पाण्यात भिजले म्हणालीस. आधी गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढ, मीठ राहिलं तर शिवण कडक होते. आतला तळवा बाहेर काढ, बुटात जुना पेपर कोंब, सावलीत ठेव. गच्चीवर उन्हात ठेवू नकोस, डिंक सुटून तळ हातात येतो. माझा एक जोड तसाच गेला, नवाकोरा.