शहाणी झाली, की मिटली?

“मॅडम, सईला येत्या मार्चमध्ये १८ पूर्ण होतील. शाळा संपेल. वर्षभरापूर्वी स्वतःची वेणी स्वतः घालायची, आता कंगवा हातात धरून बसून राहते. जेवणात लक्ष नाही, हाक मारली तर ओ देत नाही. नातेवाईक म्हणतात, डाऊन सिंड्रोमची मुलं या वयात मागेच जातात. शाळेनंतरच्या, काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत नाव घालायचं, की घरीच ठेवायचं?”

ऐरोलीहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. विशेष शाळेतल्या मुलांच्या पालकांकडून तो जवळजवळ याच शब्दांत ऐकू येतो, विशेषतः शाळेने ‘हे शेवटचं वर्ष’ असं सांगितल्यानंतर. (सई हे नाव खरं नाही, आणि दोन-तीन घरांचे तपशील इथे एकत्र केले आहेत.)

या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेले आहेत. तिचं मन कसं आहे, हा एक. मोठेपणीच्या आयुष्यासाठी तिची तयारी किती, हा दुसरा. दोन्हींची मापं वेगळी, आणि क्रमही ठरलेला: आधी मन, मग तयारी. सईच्या बाबतीत क्रम उलटा झाला होता. जुलैत एका ठिकाणी तिची ‘तयारी’ ४० मिनिटांत तपासली गेली आणि शेरा मिळाला, ‘कार्यशाळेस सध्या अयोग्य’. मुलगी अर्धी पोळी खाऊन उठत होती, त्या दिवसांतलं हे माप. अंगात ताप असताना कुणाला पळायला लावून ‘याला पळता येत नाही’ म्हणावं, तसंच ते. आईने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. आम्ही तो बाजूला ठेवला.

मनाच्याही आधी शरीर. ‘डाऊन्स आहे, असंच होतं’ या वाक्याखाली साधे आजार वर्षानुवर्षं झाकले जातात. १९८२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिलं. मराठीत त्याला निदानाची सावली म्हणता येईल. एक मोठं निदान उभं राहिलं, की त्याच्या सावलीत दुसरं दिसत नाही. म्हणून डॉक्टरांकडून या गोष्टी आधी तपासून घ्यायच्या: थायरॉइड (डाऊन सिंड्रोममध्ये टीएसएच ही त्याची रक्ततपासणी दरवर्षी करायची असते), हिमोग्लोबिन, बी१२, दात, डोळे, बद्धकोष्ठता, पाळीच्या दिवसांतलं दुखणं, रात्रीचं घोरणं आणि कान. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे मळ घट्ट बसतो. सईची टीएसएच ठीक निघाली, पण दोन्ही कान मळाने भरलेले होते. ते साफ झाल्यावर ती हाकेला ओ देऊ लागली. वेणी मात्र तशीच राहिली.

मग तुलना. ती इतर मुलींशी करायची नाही, वर्षभरापूर्वीच्या सईशी करायची. आईच्या मोबाइलमधले गेल्या दिवाळीचे व्हिडिओ आणि शाळेतली जुनी वैयक्तिक शिक्षण योजना यांतून आधीची सई कागदावर उतरवली. मग सध्याच्या सईची १४ दिवसांची नोंद. तीत पाचच रकाने ठेवले: झोप किती तास, पोळ्या किती, आपणहून किती वेळा बोलली, आंघोळ कुणाच्या मदतीने, आणि एकटीच पुटपुटत बसली का. पाचाहून जास्त रकाने दिले तर तिसऱ्या दिवशी वही बंद होते. पुटपुटण्याबद्दल घरचे घाबरले होते. डाऊन सिंड्रोममध्ये स्वतःशी बोलणं पुष्कळांना असतं, तेवढ्यावरून मनाचा मोठा आजार ठरवू नये. ते वाढलं का, सूर बदलला का आणि ती कुणाशी बोलते आहे, एवढं पाहायचं. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नोंदीत दिसलं ते असं: झोप दहा तासांवरून सहावर, आपणहून बोलणं दिवसाला दोन-तीनदा. आईच्या मते सई ‘हट्टी’ झाली होती. शाळेतल्या बाईंचं मत नेमकं उलट, “आता छान शांत बसते, शहाणी झाली.” गतिमंद मुलांच्या नैराश्यात हे वारंवार घडतं. आरडाओरडा करणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. गप्प झालेल्याची तक्रार कुणीच करत नाही. म्हणून एकाच माणसाकडून फॉर्म भरून घेतला, तर तो त्या माणसाच्या सोयीचं माप देतो. घर, शाळा आणि स्वतः मुलगी, तिघांची उत्तरं हवीत. ती जुळली नाहीत, तर त्यांची सरासरी काढू नका. का जुळली नाहीत, ते विचारा.

स्वतः मुलीला विचारायचं म्हटलं, की आई-वडील म्हणतात, तिला काय कळणार! सौम्य किंवा मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या बहुतेक मुलांना कळतं, प्रश्न नीट विचारला तर. ग्लासगो डिप्रेशन स्केल अशा व्यक्तींसाठीच बेतलेली आहे: २० प्रश्न, गेल्या आठवड्याबद्दल, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४०. १३ किंवा वर गेलं तर सविस्तर तपासणी करायची. सांभाळणाऱ्यासाठी १६ प्रश्नांची वेगळी पुरवणी आहे. स्केल ब्रिटनमधली, आपण विचारणार सोप्या मराठीत. तेव्हा १३ हा आकडा निकाल नाही, खूण आहे. निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील.

विचारण्याची पद्धत आकड्याहून महत्त्वाची. ‘कधीच नाही, कधी कधी, नेहमी’ यासाठी चेहऱ्यांची चित्रं दाखवली, की मुलं हसरा चेहरा उचलतात, कारण तो छान असतो. त्याऐवजी स्टीलच्या तीन वाट्या: रिकामी, अर्धी, भरलेली. आधी सरावाचे प्रश्न. “तू वरणभात खातेस?” सईने भरलेल्या वाटीवर बोट ठेवलं. “काल तुमच्या शाळेत हत्ती आला होता?” पुन्हा भरलेली वाटी. समोरच्याला बरं वाटावं म्हणून सगळ्यालाच हो म्हणायची सवय अशी पकडता येते. मग पंधरा मिनिटं फक्त ‘नाही’ म्हणण्याचा खेळ. तिसऱ्या हत्तीला ती हसून रिकाम्या वाटीकडे गेली, तेव्हा खरे प्रश्न सुरू झाले. ‘गेल्या आठवड्यात’ हे तिला समजत नव्हतं. ‘गणपती आले तेव्हापासून’ हे समजलं. दहा प्रश्न एका दिवशी, दहा दुसऱ्या दिवशी. आई बाहेर. आत बसली असती, तर प्रत्येक उत्तराआधी सईची नजर तिच्याकडे गेली असती. स्वतःला इजा करण्याचा, मरावंसं वाटण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे आणि सरळ शब्दांत विचारायचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’कडे झुकलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो. सईचं उत्तर रिकामी वाटी होतं. एकूण गुण १७.

पण सगळं उलगडलं ते गुणांतून नव्हे. ‘रडू येतं का?’ याला तिने भरलेली वाटी दाखवली. का, असं विचारल्यावर म्हणाली, “अठरा.” एवढंच.

आजी जानेवारीत वारली होती. सईला सांगितलं होतं, आजी गावाला गेली. ती रोज संध्याकाळी दारात उभी राहायची आणि पुटपुटायची ते आजीशीच. एप्रिलमध्ये तिची वर्गमैत्रीण १८ वर्षांची झाली म्हणून शाळेतून गेली, ती पुन्हा दिसली नाही. आणि जूनपासून घरात प्रत्येक जण सईसमोर बोलत होता, “अठरा झाले की संपलं.” तिच्या हिशोबात अठरा म्हणजे माणूस नाहीसा होतो. पुढची पाळी तिची होती.

अशा वेळी आपली भाषाच घात करते. मराठीत माणूस ‘जातो’, ‘देवाघरी जातो’, कुणी ‘ऑफ’ होतं. ज्या मुलीला गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो एवढंच ठाऊक आहे, तिच्यासाठी ही सारी फसवणूक. आईला शब्द जसेच्या तसे दिले: “आजी मेली. तिचं शरीर थांबलं. ती परत येणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही.” हे उच्चारणं आईलाच जास्त जड गेलं. आजीचा फोटो, आजीचं लुगडं, आणि तीच चार वाक्यं दोन आठवडे, विचारेल तितक्या वेळा. पहिल्या आठवड्यात सई खूप रडली. घरच्यांना वाटलं बिघडलं. गप्प राहण्यापेक्षा ते बरं होतं. मैत्रिणीशी रविवारी व्हिडिओ कॉल ठरवला. मानसोपचारतज्ज्ञांनी लगेच औषध न देता दर आठवड्याला पाहायचं ठरवलं; प्रत्येक मुलीच्या बाबतीत ते असंच ठरेल असं नाही. सहा आठवड्यांनी त्याच वाट्या, तेच प्रश्न: ९. झोप आठ तास. वेणी वाकडी, पण तिने घातलेली.

तयारीचा प्रश्न काढला तो आता. टीआरएक्यू ही मोठेपणाची तयारी मोजणारी प्रश्नावली दीर्घकाळ वैद्यकीय मदत लागणाऱ्या १६ ते २६ वयाच्या तरुणांसाठी आहे. २० प्रश्न, पाच भाग: औषधं, डॉक्टरांच्या भेटी, तब्येतीची नोंद, डॉक्टरांशी बोलणं, रोजची कामं. उत्तराच्या पाच पायऱ्या: येत नाही, येत नाही पण शिकायचंय, शिकतेय, सुरू केलंय, गरज पडेल तेव्हा नेहमी करते. गुण १ ते ५ आणि शेवटी सरासरी. बौद्धिक अक्षमतेसाठी ती मुळात बनलेली नाही, विम्याचे प्रश्न तर आपल्याकडे जुळतच नाहीत (त्या जागी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेचं कार्ड कुठे ठेवलंय, असं विचारावं). प्रश्न बदलले, की सरासरीची तुलना बाहेरच्या कुणाशी करायची नाही, फक्त त्याच मुलीच्या आधीच्या फॉर्मशी.

आईच्या फॉर्मची सरासरी आली १.४, सईची २.६. खोटं कुणीच बोललं नव्हतं. आम्ही फॉर्मच्या कडेला एक रकाना वाढवतो: ‘शेवटची संधी कधी दिली?’ गोळीच्या ओळीत आईने लिहिलं, ‘कधीच नाही.’ मग येतं की नाही, हे कुणाला कळणार? सात खणांची डबी आणली, व्हिटॅमिनच्या गोळ्या भरल्या. दोन आठवड्यांत १४ पैकी ११ दिवस सईने कुणी आठवण करून न देता गोळी घेतली. उरलेले तीन दिवस रविवार आणि सुट्टीचे होते. शाळेचा डबा भरण्याची वेळच नसल्याने खूण हरवत होती. खूण बदलून दात घासण्याला जोडली.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरच्या बुद्ध्यंकातून यातलं काहीही दिसलं नसतं. तो दाखला सवलतींसाठी लागतो, जपून ठेवा. मुलीच्या क्षमतेची मर्यादा म्हणून वाचू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. १८ झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. नवी मुंबईकरांचा इथे हमखास घोळ होतो. सगळे निर्णय दुसऱ्याच्या हाती द्यायची गरज नसेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वही समजून घ्या. त्यात निर्णय मिळून घ्यायचे असतात.

जागा पाहायला वाशीचं महापालिकेचं ईटीसी (दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र आणि खारघरचं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं केंद्र, दोन्हीकडे जाऊन विचारून या. कुठेही नाव घालण्याआधी तीन अर्धे दिवस बसू देता येईल का, ते विचारा. पहिला दिवस सगळ्यांचाच वाईट जातो.

सईचं वाशीला जायचं ठरतंय, म्हणून सध्या काम चाललंय लोकलचं. ऐरोली ते वाशी, ११ पायऱ्या, प्रत्येकीला एक वाटी. सगळ्यात अवघड ठरली चौथी पायरी: त्याच फलाटावर पनवेलची गाडीही येते, आणि ती तुर्भ्यानंतर वाशीकडे न वळता जुईनगरला जाते. सईला दोन्ही नावं वाचता येत नाहीत, पण ‘वाशी’चा आकार कार्डावर जुळवता येतो. ती वाटी आता भरली आहे. नववी अजून अर्धीच: तुर्भ्याला गर्दी उतरली, की तीही उठते. आई त्याच डब्यात, चार बाकं मागे बसते आणि हाक मारत नाही. सई स्वतःहून खाली बसते का, तेवढंच वहीत लिहिते. गेल्या सहा फेऱ्यांत चारदा बसली.