कपाटातली नोटीस आणि कलम 43 चा शेरा

शिरूर तालुक्यातल्या एका वाचकांचे पत्र आहे. त्यांनी 2017 मध्ये बांधाला लागून असलेली 1 हेक्टर 20 आर जमीन 11 लाखांना घ्यायचे ठरवले. ही जमीन मालकाच्या वडिलांना कुळकायद्याने मिळालेली, म्हणून सातबाऱ्याच्या इतर हक्कात कलम 43 चा शेरा, म्हणजे कुळकायद्याच्या या कलमाने जमीन विकण्यावर बंधने असल्याची नोंद. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे साठेखत (पुढे खरेदीखत करण्याचा करार) झाले, 7 लाख दिले, ताबाही घेतला. ‘कलम 43 ची परवानगी मिळाल्यापासून तीन महिन्यांत खरेदीखत’ असे साठेखतात लिहिले. ती परवानगी ना मालकाने मागितली, ना यांनी. 2021 मध्ये मालक वारले, वारसनोंद झाली. आता मुले म्हणतात, सात लाख परत घ्या आणि वावर सोडा. वाचक विचारतात, परवानगी कशी काढायची, आणि ताबा आमचा असताना आम्हाला उठवणार कोण?

तालुक्याचे नाव बदलले की हेच पत्र मला पुन्हा येते. कूळ कोण, कलम 32-ग खाली कुळाने द्यायची जमिनीची किंमत कशी ठरते, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आली आहे: ‘ऑगस्ट 2023 मध्ये थोरल्याच्या वकिलाचे रजिस्टर पत्र आले होते, करार रद्द केल्याचे त्यात होते, आपली बाजू खरी म्हणून उत्तर दिले नाही, कागद कपाटात आहे.’ तुमचा सगळा दावा त्या कागदावर तरतो किंवा बुडतो.

करार पुरा करून मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे तीन वर्षे मिळतात. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे तुम्हाला कळले त्या दिवसापासून. ‘ठरलेली तारीख’ म्हणजे कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी तारीख, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले आहे. ‘परवानगी मिळाल्यापासून तीन महिने’ ही तशी तारीख नाही. त्यामुळे 2017 चा करार जुना झाला म्हणून घाबरू नका. पण नकार तुम्हाला त्या नोटिशीने कळला, म्हणून घड्याळ तेव्हाच सुरू झाले. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आणि पोचपावती बघा. तुम्ही सही करून पत्र घेतले त्या तारखेपासून तीन वर्षे मोजा, आणि दावा त्याच्या बऱ्याच आधी कोर्टात गेला पाहिजे.

इथे मला राग येतो, तो लपवत नाही. रजिस्टर पोस्टाने आलेल्या नोटिशीला उत्तर न देणे हा बाणेदारपणा नव्हे. दाव्याला उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज चालत नाही. ती सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला तो स्वतःहून बघावा लागतो. पाहुण्यांच्या मध्यस्थीने बैठका चालू आहेत, सरपंच समजूत घालताहेत, दिवाळीनंतर बसू म्हणालेत, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. नोटीस एकट्या थोरल्याच्या वतीने होती, धाकट्याने नकार दिलाच नव्हता, असा युक्तिवाद तुमचा वकील करू शकेल. तो राखून ठेवा, त्याच्या भरवशावर बसू नका.

आता परवानगीचे. 7 फेब्रुवारी 2014 च्या दुरुस्तीने कलम 43 ची धार पुष्कळ बोथट झाली. कुळाने जमीन खरेदी केल्याला दहा वर्षे उलटली असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागत नाही. विकणाऱ्याने विक्रीआधी आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) चाळीस पट रक्कम नजराणा म्हणून सरकारजमा करायची. घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन सिलिंगच्या (कमाल जमीनधारणेच्या मर्यादेच्या) आत हवी आणि तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला असलेली बंदी, मोडता कामा नये. तुम्ही कळवल्याप्रमाणे 32-म चे, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचे, प्रमाणपत्र 1974 चे आहे आणि सातबाऱ्यावर आकार 4 रुपये 50 पैसे. चाळीस पट म्हणजे 180 रुपये. साठेखत लिहिताना ही दुरुस्ती तीन वर्षांची जुनी होती! लागतच नव्हती अशा परवानगीची अट लेखनिकाने जुन्या नमुन्यातून उतरवली, ती कोणीही वाचून पाहिली नाही, आणि 180 रुपयांच्या चलनासाठी 11 लाखांचा व्यवहार अडकून पडला. (मराठवाडा आणि विदर्भातल्या वाचकांसाठी: तुमचे कुळकायदे वेगळे आहेत, कलमे अनुक्रमे 50-ब आणि 57, पण 2014 ची सवलत तिथेही आली आहे.)

नजराणा विकणाऱ्याने भरायचा असल्याने तुम्ही परस्पर चलन भरून भागणार नाही. दाव्यातच मागणी घाला की वारसांनी नजराणा भरून खरेदीखत करून द्यावे, आणि त्यांनी टाळल्यास कोर्टामार्फत ते व्हावे. कलम 43 मुळे करारच अवैध, असे समोरून येईल. विक्री कायद्याची पूर्तता करूनच व्हायची होती असे साठेखतातून दिसत असेल, तर त्याला उत्तर आहे. तुमच्या साठेखतातले नेमके शब्द वाचल्याशिवाय त्यावर याहून ठाम बोलणार नाही.

ताब्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. सप्टेंबर 2001 पासून नोंदणी नसलेल्या साठेखताच्या आधारे ताबा राखण्याचे संरक्षण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ खाली मिळत नाही. करार पुरा करून मागण्याच्या दाव्यात तोच बिननोंदणी कागद पुरावा म्हणून चालतो, एवढा दिलासा आहे. शिवाय ‘ताबा दिला’ असे लिहिल्यामुळे खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क देय झाले. शंभराच्या स्टॅम्पवरचा तो कागद तूट आणि दरमहा 2 टक्क्यांचा दंड भरल्याशिवाय कोर्ट पुराव्यात घेणार नाही. ही रक्कम आजच हाताशी ठेवा.

‘आधी नुसता मनाई हुकूम घेऊ, खरेदीचे नंतर बघू’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. एकाच कारणावरून उभ्या राहणाऱ्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात कराव्या लागतात. मागे ठेवलेली मागणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 2 नियम 2 खाली कायमची जाऊ शकते. करार पुरा करून द्यावा, ताब्याला हरकत करू नये, आणि नाहीच जमले तर 7 लाख व्याजासह परत मिळावेत, हे तिन्ही एकत्र मागा. प्रतिवादी करताना फक्त मुलगे घेऊ नका. लग्न होऊन गेलेल्या मुलीही वारस आहेत, फेरफारात त्यांची नावे असोत वा नसोत. दावा दाखल झाला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका, नाहीतर मधल्या काळात जमीन विकत घेणारा ‘मला दाव्याची कल्पना नव्हती’ म्हणत उभा राहील. आणि आपल्या कोर्टांची गती पाहता तो मधला काळ लांबणारच. साध्या साक्षीपुराव्यालाही तारखांवर तारखा पडतात, तोवर जमिनीचे भाव दुप्पट होतात आणि समोरच्याची नियत बदलत जाते. ते माझ्या किंवा तुमच्या हातात नाही, पण नोंदणी तुमच्या हातात आहे.

उरलेले 4 लाख द्यायला तुम्ही सतत तयार होता हे तुम्हालाच सिद्ध करावे लागेल. नुसते शपथपत्र पुरत नाही. त्या वर्षांची बँक पासबुके, पीककर्जाचे किंवा ठेवीचे कागद, शेतमालाच्या पट्ट्या, जे असेल ते गोळा करा. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या नावचा सातबारा आणि 8-अ काढा. 7 लाखांतले किती चेकने दिले, किती रोख, हे तुम्ही लिहिलेले नाही. रोखीची पावती नसेल तर साठेखतावर सही केलेले दोन्ही साक्षीदार अजून हयात आणि तुमच्या बाजूने आहेत का, ते आजच विचारा.

या आठवड्यात ती नोटीस, पाकिटासकट, घेऊन शिरूरच्या किंवा पुण्याच्या दिवाणी वकिलाकडे जा. उशिरा का होईना, वारसांच्या वकिलाला लेखी उत्तर पाठवा की मी 4 लाख द्यायला तयार आहे, नजराणा भरून अमुक तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात या. त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा आणि हजेरीचा पुरावा ठेवा. मात्र त्यांच्या उत्तराची वाट बघत दावा थांबवू नका.