मधल्या सुट्टीतला हरिपाठ

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा नववीत आहे, सोलापुरातल्याच एका अनुदानित शाळेत. आषाढात गजानन महाराजांची पालखी गावात आली ना, त्यानंतर त्याच्या वर्गातली आठ-दहा पोरं मधल्या सुट्टीत ग्राउंडवरच्या लिंबाखाली बसून हरिपाठ म्हणायला लागली. कुणाचं काय म्हणणं नव्हतं. मग दोन पोरांनी शुक्रवारच्या नमाजसाठी रिकामी खोली मागितली आणि झालं, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत. हेडसरांनी वैतागून दोन्ही बंद केलं. आता पोरगा विचारतोय, आई, सुट्टी आमची का शाळेची? काय सांगू?
– एक आई, विजापूर रोड

उत्तर : पोरानं नेमकं बोट ठेवलंय बघा. तुमच्या ग्रुपवर जे कोण "घटनेनं शाळेत धर्मच नको म्हटलंय" असं ठोकून देत असतील त्यांना आधी कलम 28 वाचायला सांगा. पूर्ण सरकारी पैशावर चालणारी शाळा, म्हणजे महापालिकेची, झेडपीची, तिथं धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. तुमची संस्थेची अनुदानित, तिला लागतं ते पुढचं, की धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला कुणाला जबरदस्तीनं बसवायचं नाही आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती पाहिजे. ही बंधनं शाळेवर आहेत, पोरांनी डबा खाऊन झाल्यावर लिंबाखाली काय म्हणावं यावर नाहीत. शिस्तीसाठी हेडसर नियम करू शकतात, फक्त तो सगळ्यांना सारखा पाहिजे. हरिपाठ चालू होता तेव्हा नियम नव्हता, नमाज म्हटल्यावर आठवला, हे पोरांना बरोबर कळतं हो.

खोलीचं म्हणाल तर जुम्म्याची वेळ ठरलेली असते, ती सुट्टीत बसली तर प्रश्नच नाही, नाही बसली तर पालकांची चिठ्ठी घेऊन तेवढा वेळ मशिदीत जाऊ द्यायचं, बुडालेला तास भरून काढायचा. अमेरिकेत यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात. 1948 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं शाळेच्याच वर्गात धर्माचे तास नकोत म्हटलं, आणि 1952 ला पालकांनी लिहून दिलं तर शाळेच्या वेळेत बाहेर जाऊन शिकायला हरकत नाही म्हटलं.

मला तर लिंबाखालच्या पोरांची काळजीच नाही, ती आपल्या मर्जीनं बसलीत. काळजी वाटते ती सकाळच्या परिपाठाला रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवणाऱ्या पोराची, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. 1985 ला केरळात तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं, उभी राहायची पण धर्मात बसत नाही म्हणून गायची नाहीत, आणि 1986 ला सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प राहायचाही हक्क असतो म्हणून. हरिपाठाला किंवा नमाजला एखादे सर येऊन बसले, हजेरी घ्यायला लागले, "तू का नाही आलास बे" सुरू झालं, तर हेडसरांनी जरूर बंद करावं, त्याआधी नाही.

तुमच्या पोराला सांगा, सुट्टी तुमची, ग्राउंड सगळ्यांचं. आणि हेडसरांना ग्रुपवर नाही, समोर जाऊन भेटा. त्या दोन पोरांच्या आयांनाही सोबत घ्या.

प्रश्न : मी दहावीत आहे. मैत्रिणी सुट्टीत आरतीला बोलावतात, मला नाही जायचं, पण नाही म्हटलं तर रुसतात.
– नाव नको

उत्तर : अगं मग नको जाऊस, कारण पण देऊ नकोस. डबा उघडून बस. त्यात शेंगाचटणी असली तर आरती उरकून सगळ्या तुझ्याकडेच येणारेत.