रेडियम जॅकेट घेताना आधी पट्टी मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात राज्य महामार्गाच्या कडेला साइडपट्टी आणि नालीचं काम मिळालं आहे. मजूर १८, त्यात ७ बाया. साहेबांनी 'स्टँडर्डचे' जॅकेट घालूनच मजूर उभे करा म्हणून बजावलं. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात सत्तर रुपयांत जाळीचं मिळतं, ऑनलाइन तीनशे-साडेतीनशेचं दिसतं, आणि दोन्ही हिरवट-पिवळेच. मग फरक कशाचा?

बावीस वर्षं रस्त्याच्या कामावर काढली. हजेरी भरण्यापासून सुरुवात केली, आता सुपरवायझर आहे. यात मी स्वतः पैसे घालवून बसलो आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सगळा घोळ आपण याला 'रेडियम' म्हणतो तिथून सुरू होतो. त्यात रेडियम नाही आणि ते स्वतःहून चमकत नाही. जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. भडक कापड दिवसाचं काम करतं. ते उन्हातले अतिनील किरण घेऊन दिसणाऱ्या उजेडात बदलतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि सांजवेळी ते इतर कपड्यांपेक्षा उठून दिसतं. अंधार पडला की त्याचं काम संपलं. रात्री चालते ती फक्त राखाडी पट्टी. तिच्यावर काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात आणि गाडीचा उजेड ते आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्यामुळे कापड कितीही भडक असलं तरी पट्टी खराब असेल तर रात्री मजूर नुसता काळा ठिपका.

आता दुकानात टेप घेऊन जा. खरंच जा, मी नेतो. आयएसओ २०४७१ हे आंतरराष्ट्रीय मानक तीन वर्ग सांगतं. वर्ग २ ला भडक कापड ०.५० चौरस मीटर आणि चमकणारी पट्टी ०.१३ चौरस मीटर लागते. वर्ग १ ला कापड ०.१४ आणि पट्टी ०.१०. वर्ग ३ ला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५ सेंटिमीटर, म्हणजे आपली दोन इंची. हिशेब सोपा आहे: ५ सेंटिमीटरची पट्टी असेल तर वर्ग २ साठी एकूण लांबी २ मीटर ६० सेंटिमीटर भरली पाहिजे. कमरेचा एक फेरा आणि खांद्यावरून पुढून मागे जाणारे दोन पट्टे मोजले की साध्या जॅकेटमध्ये सव्वातीन मीटरच्या आसपास निघते. दोन इंची असेल तर पास. दुकानातल्या सत्तर रुपयेवाल्याला बहुतेक वेळा एक इंची पट्टी असते. तेवढ्याच लांबीत ती ०.०८ चौरस मीटर होते. वर्ग २ सोडा, वर्ग १ पण गाठत नाही, आणि रुंदीत तर आधीच नापास. दुकानदार 'जीएसएम'वर, म्हणजे कापडाच्या दर चौरस मीटर वजनावर, बोलायला लागेल, १२० जीएसएम, कापड जाड वगैरे. जाडीने कापड टिकतं, चमक वाढत नाही.

लेबलावर काय पाहायचं? आपल्याकडचं, म्हणजे भारतीय मानक आयएस १५८०९, सध्याची आवृत्ती २०१७ ची. आयएसआय चिन्ह असेल तर चिन्हाच्या वर हा आयएस क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, उत्पादकाचं नाव निघतं. नाव जुळत नसेल तर जॅकेट परत. आयएसओचं लेबल असेल तर जॅकेटचं छोटं चित्र आणि त्याच्या बाजूला वर्गाचा एकच आकडा दिसतो. चित्राच्या बाजूला एकाखाली एक दोन आकडे दिसले तर ते जुन्या युरोपीय मानकाचं, ईएन ४७१ चं लेबल समजा. ते मानक २०१३ मध्येच बदललं. नुसतं 'हाय क्वालिटी रिफ्लेक्टिव्ह' लिहिलेलं म्हणजे काहीच लिहिलेलं नाही. आणि बिलावर मानक क्रमांक आणि वर्ग लिहून घ्या, साहेब तेच मागतील.

लेबल झालं तरी रात्रीची परीक्षा सोडू नका. फोनची टॉर्च लावा, फोन डोळ्याच्या अगदी बाजूला कानशिलाजवळ धरा आणि जॅकेट घातलेल्या माणसापासून तीस-चाळीस पावलं मागे या. चांगली पट्टी पांढरी भक्क पेटते. वाईट पट्टी टिनाच्या पत्र्यासारखी मळकट दिसते. आमच्या मजुरांना पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा बाजूला उभा एक जण म्हणाला, "तुमाले दिसते, आमाले काऊन नाई दिसत?" त्याला फोन कानशिलाशी धरायला लावला, तेव्हा कुठे पटलं. उजेड फक्त आला तिकडेच परत जातो, म्हणून ड्रायव्हरला दिसतं आणि बाजूच्याला नाही. हीच परीक्षा पट्टीवर पाणी शिंपडून एकदा करा. हलक्या पट्टीची चमक ओली झाली की जाते, आणि आपली निम्मी कामं तर पावसाच्या तोंडावर रखडलेली असतात.

आता माझी फजिती. काही वर्षांमागे एका कामासाठी २५ जाळीचे जॅकेट एकगठ्ठा उचलले. रंग झकास होता. दोन-अडीच महिन्यांनी, थंडीचे दिवस, संध्याकाळी साडेसहाला मी मोटारसायकलवरून साइटकडे येत होतो. डिपर मारला तरी रस्त्याच्या कडेला काही नाही. एकदम पुढ्यात घमेलं दिसलं, मग त्याखाली बाई. आमच्याच टोळीतली. जॅकेट अंगात होतं, पण थंडीसाठी त्यावर शाल गुंडाळलेली. तिच्या मागच्या माणसाने तर शाल घेतलीच नव्हती, तरी तो दिसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं जॅकेट हातात घेतलं तर पट्टीवरचा थर नखाने पापुद्र्यासारखा निघत होता. घरी दगडावर ब्रशने घासून धुतलं होतं. ते २५ मी स्वतःच्या खिशातून बदलले.

तेव्हापासून काही गोष्टी मी आधीच सांगून टाकतो. बाया साडीवर पुरुषी शर्ट घालतात, त्यावर जॅकेट बसतं, पण पदर आणि डोक्याचा दुपट्टा जॅकेटच्या आत खोचलेला पाहिजे. शाल, स्वेटर, रेनकोट काहीही असो, जॅकेट सगळ्यात वर. त्यासाठी माप थोडं मोठं घ्या आणि बाजूला वेल्क्रो किंवा नाडी असलेलं घ्या, म्हणजे आवळता येतं. मोठं होतं म्हणून शिंप्याकडून कापून लहान करू नका, कापड आणि पट्टी दोन्ही घटतात. चेन पुढून बंदच. उघडं फडफडणारं जॅकेट पुढून येणाऱ्या गाडीला अर्धंच दिसतं. आणि पाठीवर ठेकेदाराचं नाव दीड फूट छापायची हौस आवरा. ती शाई भडक कापडच खाते, प्रचाराचं जॅकेट वाटतं ते वेगळंच.

रंग हिरवट-पिवळा की नारिंगी? दोन्ही मानकात बसतात, मी मागची जमीन पाहून ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन, तूर, सगळं हिरवंगार असतं, तिथे नारिंगी उठून दिसतो. उन्हाळ्यात वाळलेलं गवत आणि लाल मुरूम असतो, तिथे हिरवट-पिवळा बरा. फाल्गुनात पळस फुललेल्या जंगलरस्त्यावर नारिंगी घालून उभा राहिलेला माणूस मी फुलांत हरवलेला पाहिला आहे. वर्षभराचं काम एकाच खरेदीत काढायचं असेल तर हिरवट-पिवळा घ्या.

वर्ग कोणता? राज्य महामार्गाला लागून काम आहे, तर सगळ्यांना वर्ग २. झेंडी दाखवणाऱ्या दोघांना वर्ग ३ घ्या. आयएसओप्रमाणे बिनबाह्यांचं जॅकेट वर्ग ३ होतच नाही, बाह्यांवर किंवा पायांवर पट्ट्या लागतात. कारण हात-पाय हलताना दिसले की ड्रायव्हरला 'हा माणूस आहे' हे लवकर कळतं, नुसती छाती चमकली तर तो खांबही वाटू शकतो. ८० च्या वेगात पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरले तर गाडी ५५ मीटर पुढे आलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. जॅकेट आलं म्हणून शंकू, बोर्ड आणि झेंडीवाला कमी करू नका. रस्त्यावरच्या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी एसपी ५५ (२०१४) या मार्गदर्शिकेत हे सगळं एकत्र आहे, साहेबांकडे प्रत असेल, मागून घ्या.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मजूर दुपारी जॅकेट काढून झाडाला टांगतात आणि त्यांचं चुकतही नाही. जाळीचं घ्यायला हरकत नाही, पण लेबल असलेलं जाळीचं. उन्हामुळे काम रात्रीवर जातं तिथे पट्टी आणखी महत्त्वाची. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, ते रात्रंदिवस चाललं होतं. डांबराच्या आणि वेल्डिंगच्या माणसाला मात्र साधं पॉलिस्टर देऊ नका, वितळून अंगाला चिकटतं. त्यांचं वेगळं, आग न धरणारं मिळतं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी हे वाचत असाल तर खांद्याला आणि बाजूला वेल्क्रो असलेलं, ओढलं की सुटणारं घ्या. यंत्राच्या पट्ट्यात अडकलं तर जॅकेट जावं, हात नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची चिकट पट्टी जॅकेटवर शिवायची कल्पना कुणाला सुचली असेल तर सोडून द्या, मी पाहिली आहे. ती वाहनासाठी असते, कापडावर दोन धुण्यांत तडकते.

टिकण्याचं: किती धुण्यांपर्यंत चालतं तो आकडा चांगल्या लेबलावर असतो. साधा साबण, हाताने, ब्रश नाही, ब्लीच नाही, पट्टीवर इस्त्री नाही, सावलीत वाळवा. एक नवं जॅकेट न वापरता ट्रंकेत ठेवा आणि दर महिन्याला बाकीचे त्याच्याशेजारी धरा. कापड फिकं, लिंबाच्या सालीसारखं निस्तेज दिसलं की ते बाद. माझा हिशेब, १८ मजुरांना २४ घ्या: जास्तीचे सहा जॅकेट धुण्यात, फाटण्यात आणि पाहुण्या साहेबांसाठी लागतातच. ऑर्डर देण्याआधी एकच मागवा, लेबलाचा आणि टेप लावलेल्या पट्टीचा फोटो इथे टाका, पाहून सांगतो.