पोटाच्या फीडिंग ट्यूबभोवती कातडी लाल होऊन चुरचुरते, काय लावावं?

ताई, सासऱ्यांना लकव्यानंतर पेग ट्यूब (पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात अन्न देणारी नळी) बसवली, आता भोवती लाल झालंय आणि शेजारचे हळद लावायला सांगतात, असं लिहिलंत. हळद नको, डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

बहुतेक वेळा कारण असतं गळती. पोटातलं आम्ल बाहेर झिरपून कातडी भाजते. त्यामुळे मलमाआधी नळी बघा. बाहेरची चकती कातडीवर रुतलेली नको आणि सैल लोंबकळणारीही नको. साधारण अर्धा सेंटीमीटर जागा हवी. चकतीखाली गॉजचे थर कोंबू नका, त्याने दाब वाढतो आणि ओल आत धरून राहते. तुमच्या खानापूरच्या पावसाळ्यात तर कपडेच वाळत नाहीत, तिथे ओल्या गॉजखाली बुरशी यायला कितीसा वेळ! खाज आणि बारीक लाल पुळ्या दिसल्या तर बुरशीची शंका घ्या, डॉक्टर त्याचं वेगळं मलम देतात.

रोज कोमट पाणी, सौम्य साबण, मग टिपून पूर्ण कोरडं. त्यावर झिंक ऑक्साइडचा पातळ थर. फीड देताना आणि नंतर तासभर डोकं उंच ठेवा.

पू, ताप, पसरत जाणारी लाली, फीड देताना जोरात दुखणं, यांपैकी काहीही असेल तर नळी बसवली त्या बेळगावच्या दवाखान्यात लगेच दाखवा. नळी निसटली तर काही तासांतच भोक आकसायला लागतं, सकाळच्या बसची वाट बघू नका.