वाचकांचे प्रश्न : क्यूब नापास झाला, रजिस्टरवर सही करू का?

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन वर्षांपासून एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे. पार्किंग आणि वर सहा मजले असं काम आहे. तिसऱ्या स्लॅबचे २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे भरून ठेवलेले ठोकळे) मागच्या आठवड्यात मशिनमध्ये दाबून फोडले. काँक्रीट एम-२५ चं, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारं, आणि आकडे आले ४३०, ४४५, ४१२ किलोन्यूटन. स्लॅब भरताना काँक्रीटच्या तिसऱ्या गाडीला पंप अडकायला लागला, तेव्हा ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी मारलं होतं. क्यूब नेमके त्याच गाडीचे भरले होते. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, ‘रजिस्टरला सत्तावीस-अठ्ठावीस लिही आणि सही कर, सगळीकडे असंच असतं.’ मी जागा कोरी ठेवली आहे. वडिलांची बायपास झाली आहे, भाऊ शिकतोय, घरात पगार माझा एकटीचा. चौथ्या स्लॅबचं सेंट्रिंग सुरू झालंय. सर, मी काय करू? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला थोडक्यात कळवलं, कारण सेंट्रिंग मासिकाच्या अंकासाठी थांबत नाही. पण तुझ्या जागी उभी असलेली आणखी मुलं-मुली हे वाचत असतील, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा ‘तू’च म्हणतो.

सही करू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

आता आकडे बघू. क्यूब १५० मिलिमीटरचा, म्हणजे दाब घेणारं तोंड २२,५०० चौरस मिलिमीटर. एम-२५ चा क्यूब ५६२ किलोन्यूटनच्या पुढे गेला पाहिजे. तुझे तिघे १९.१, १९.८ आणि १८.३ ला फुटले. सरासरी १९. नापास, यात वाद नाही. पण नापास झाला तो क्यूब. स्लॅब नापास आहे की नाही हे आज कुणालाच माहीत नाही. तुलाही नाही आणि तुझ्या मॅनेजरांनाही नाही.

क्यूब कमी येण्याची कारणं बरीच असतात. साच्यात नीट ठोकला नसेल. चोवीस तासांनी टाकीत न टाकता दोन दिवस उन्हात पडला असेल. मशिनमध्ये ठेवताना थापीने सारखं केलेलं तोंड वर आलं असेल. क्यूब नेहमी आडवा करून, साच्याच्या गुळगुळीत बाजूंवर दाबायचा असतो, आणि ही चूक लॅबमधली मुरलेली माणसंही करतात. हे सगळं आधी तपास. पण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे ती तिसऱ्या गाडीची. पाणी जास्त झालं की काँक्रीट कमकुवत होतं, आणि पाणी मारलेलं तू डोळ्यांनी पाहिलंस. त्या गाडीचं काँक्रीट स्लॅबच्या कुठल्या भागात पडलं हेही तुला ठाऊक असणार, कारण पंपाचा पाईप कुठून कुठे सरकत गेला हे तिथे उभ्या असलेल्या माणसाला आठवतं. प्लॅन घे, पेन्सिलीने तो भाग तिरप्या रेघांनी भर, तारीख टाक. आज रात्रीच कर. महिनाभराने हे तुलाही सांगता येणार नाही.

का सांगतो हे? कारण कदाचित सबंध स्लॅब नव्हे, एका गाडीचं सहा घनमीटर काँक्रीट कमकुवत असेल. कदाचित बाकीच्या गाड्याही तशाच असतील. एका गाडीच्या क्यूबवरून ते कळत नाही. (तुझा स्लॅब साधारण चाळीस घनमीटरचा धरला, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान चार नमुने घ्यायला हवे होते, आणि तेही वेगवेगळ्या गाड्यांचे. पुढच्या स्लॅबला यासाठी हट्ट धर.) आयएस ४५६ वाचलंस तर दिसेल की क्यूब नापास झाला म्हणून स्लॅब पाडा असं त्यात कुठेही नाही. संशय असलेल्या भागातून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटला भोक पाडून काढलेले गोल तुकडे, काढा. कोअरवरून काढलेली क्यूबची ताकद सरासरी ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट मान्य. एम-२५ साठी हे आकडे २१.२५ आणि १८.७५. तिथेही शंका उरली तर लोड टेस्ट: सगळा स्थिर भार (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि चल भाराच्या (माणसं, सामान यांच्या वजनाच्या) सव्वापट वजन चोवीस तास ठेवायचं, मग चल भार काढून स्लॅब किती परत वर येतो ते मोजायचं. नियम करणाऱ्यांना माहीत होतं की साइटवर चुका होतात. त्यांनी वाट ठेवली आहे.

त्या वाटेवर पाऊल टाकायला मात्र रजिस्टरमध्ये १९ लिहिलेलं असावं लागतं. २७ लिहिलंस की कोअर कोण काढणार? कशाला काढणार? आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या इंजिनिअरला, २७ दिसणार, तो पुढचा स्लॅब भरायला हो म्हणणार. चौथ्या स्लॅबचे टेकू तिसऱ्यावरच उभे राहतात. ओलं काँक्रीट, सळई, फळ्या, माणसं, सगळं ओझं त्याच्यावर. खोट्या आकड्याने काँक्रीटची ताकद एका न्यूटननेही वाढत नाही. फक्त ते तपासायची बुद्धी होणारा शेवटचा माणूस बाजूला होतो.

मी हे उंचावर बसून सांगत नाही. १९७९ साली, मी तुझ्याएवढाच असताना, एका तालुक्याच्या गावी बंगल्याचं काम पाहत होतो. पुढे आलेली बाल्कनी होती. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण अधांतरी भाग वाकतो तेव्हा ताण वर येतो. फिटरने सळई बरोबर बांधली होती. पण तिला उचलून धरणाऱ्या खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे टेकू) खाली कमी लावल्या होत्या. भरायच्या दिवशी पाट्या घेऊन बाया-माणसं त्याच सळईवरून ये-जा करत राहिली आणि ती दबत दबत तळाला गेली. मी वर चढलो नाही. खालून आंब्याच्या सावलीतून बघितलं आणि ‘स्टील तपासले’ असं लिहून सही केली. मला कुणी दम दिला नव्हता, कुणाची भीती नव्हती. ऊन होतं, एवढंच. सेंट्रिंग काढताना बाल्कनी खाली आली. सेंट्रिंगवाल्या एका पोराचा पाय घोट्याच्या वर चेंगरला. तुटलेल्या काँक्रीटच्या तोंडावर सळई तळाला, जेमतेम अर्धा इंच वर, ओळीत दिसत होती. ती ओळ अजून डोळ्यांसमोर येते. त्या पोराचं नाव मला पाठ आहे. चौकशीत माझी सही समोर ठेवली तेव्हा मला कळलं की सही म्हणजे काय: मी तिथे होतो, मी पाहिलं, हे बरोबर आहे, असं मी सांगितलं होतं. त्यातलं एकही खरं नव्हतं.

पुढे दोन वर्षांनी, १७ जुलै १९८१ ला, अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लोकांनी भरलेले दोन लटकते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये वरचा आणि खालचा पूल एकाच अखंड सळईला टांगलेला होता. काम सोपं व्हावं म्हणून एका सळईच्या दोन झाल्या, आणि खालचा पूल वरच्याच्या तुळईला लटकला. विहिरीच्या दोराला दोघं आपापल्या हाताने लटकणं वेगळं आणि खालच्याने वरच्याचे पाय धरणं वेगळं. वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. तो बदल इंजिनिअरच्या शिक्क्यानिशी पुढे गेला होता, गणित मात्र कुणीच केलं नव्हतं. संबंधित इंजिनिअरांचे मिसुरी राज्यातले परवाने गेले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

तर आता काय करायचं. रजिस्टरमध्ये मशिनवर दिसले तेच आकडे किलोन्यूटनमध्ये लिही आणि त्याखाली सही कर. मग आरसीसी कन्सल्टंटला लेखी कळव, मॅनेजरांना प्रत दे. भाषा अगदी साधी ठेव: ‘अमुक तारखेला भरलेल्या तिसऱ्या स्लॅबचे २८ दिवसांचे क्यूब ४३०, ४४५ आणि ४१२ किलोन्यूटन आले आहेत. क्यूब तिसऱ्या गाडीचे आहेत. त्या गाडीचं काँक्रीट पडलेला भाग सोबतच्या प्लॅनवर दाखवला आहे. पुढील चाचण्यांबाबत आपली सूचना येईपर्यंत चौथा स्लॅब भरू नये, अशी विनंती.’ बस. कुणी काय लिहायला सांगितलं, कुणी दम दिला, यातलं काही त्यात नको. आरोप केलास की चर्चा तुझ्यावर वळेल. आकडा आकड्यावरच राहू दे. मॅनेजरांशी एकांतात बोल, आणि त्यांच्या फायद्याचं बोल: आज तीन कोअर काढायला थोडे दिवस जातील; पण रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि तोवर वर चार मजले चढलेले असतील. बरेच मॅनेजर दुष्ट नसतात, तारखेला घाबरलेले असतात. कन्सल्टंटकडून आलेलं पत्र त्यांनाही मालकापुढे ठेवायला बरं पडतं.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. सत्येंद्र दुबे हे नाव तू ऐकलं असशील. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर होता. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने २००२ साली थेट पंतप्रधानांना लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं. ते गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा गोळी घालून खून झाला. संसदेने पुढे २०१४ साली गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी कायदा केला, पण तो सरकारी कारभारापुरता. खासगी साइटवरच्या मुलीला त्याचा आधार नाही. म्हणून तुला एकटीने कुणावर तुटून पडायला मी सांगणार नाही. तू एकटी राहू नकोस. कन्सल्टंट, तुझ्या कॉलेजचे सर, एखादा ज्येष्ठ इंजिनिअर, यांतल्या दोघांना तरी आजच माहीत असू दे. एवढं करूनही काम तसंच पुढे रेटलं गेलं, तर बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे जावं लागेल, आणि त्या वेळी मी तुझ्यासोबत येईन. माझा नंबर तुला पाठवला आहे.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. खोटा दिलासा देत नाही. वडिलांच्या औषधांचा खर्च हे खरंखुरं ओझं आहे आणि ज्याच्या घरात ते नाही त्याने त्याला हलकं म्हणू नये. तुझी माहिती मी माझ्या ओळखीच्या दोन कन्सल्टंटना सांगितली आहे, गाव न सांगता. नापास क्यूबची जागा कोरी ठेवणारी मुलगी दोघांनाही हवी आहे.

प्रश्न : डॉक्टरांची शपथ असते, तशी इंजिनिअरची असते का? (एक विद्यार्थी, तिसरं वर्ष)

उत्तर : आपल्याकडे सगळ्यांना लागू अशी नाही. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय ती पदवी लावता येत नाही. इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसं बंधन नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता आहे, ती सभासदांपुरती. महापालिकांचे परवाने आहेत. मला ही मोठी उणीव वाटते. कॅनडात १९२५ पासून पदवीधर इंजिनिअर एका समारंभात प्रतिज्ञा घेतात आणि काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. १९०७ साली कोसळलेल्या क्यूबेक पुलाच्या लोखंडाची ती अंगठी असते असं सांगतात, ते खरं नाही. पण त्या पुलावर ७५ कामगार मेले होते, हे खरं आहे. तो अपघात तू नीट वाच. पूल पडण्याच्या काही दिवस आधीच खालच्या तुळया वाकलेल्या दिसल्या होत्या आणि त्यावर पत्रापत्री चालू होती.

प्रश्न : आमची सोसायटी ३२ वर्षं जुनी. तळमजल्यावरच्या दुकानदाराने दोन गाळे एक करताना मधली भिंत पाडली, त्यात एक खांबही एका बाजूने फोडला, सळया उघड्या आहेत. त्याने एका इंजिनिअरकडून ‘इमारतीस धोका नाही’ असं पत्र आणलं आहे. इंजिनिअर इमारतीत आलेच नव्हते, मोबाइलवर फोटो पाहिले. हे पत्र चालेल का? (सोसायटीचे सचिव)

उत्तर : सचिवसाहेब, तुम्हाला फोनवर सांगितलं तेच लिहितो. ते पत्र फाइलला लावा, त्यावर विसंबू नका. फोटोत खांबाच्या आतलं काँक्रीट दिसत नाही, वरच्या मजल्यांचं वजन दिसत नाही. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पडला, त्याआधी त्याचं ऑडिट झालं होतं आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला होता. ऑडिटरला अटक झाली. गेलेली माणसं त्याने परत आली नाहीत.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करून घ्यावं, असं सोसायटीच्या उपविधींतच आहे. तुमचं मागचं कधी झालं ते शोधा. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः येऊन पाहील, असा बोलवा. मूळ आरसीसी ड्रॉइंग असतील तर त्याच्या हातात द्या. महापालिकेला लेखी कळवा. पण हे सगळं नंतर. आधी त्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईच्या खाली, लोखंडी टेकू जॅकसह घट्ट लावून घ्या, आणि तेही इंजिनिअरला उभं करून, मुकादमाच्या अंदाजाने नव्हे. गाळा रिकामा करा. बरोबर वरच्या घरातलं दार अडकायला लागलंय, असं तुम्ही फोनवर जाता जाता म्हणालात. त्या घरातल्या मंडळींना आजची रात्र दुसरीकडे झोपायला सांगा.