विचारा काकूंना : सांगलीत करायचं तरी काय?

या खेपेला पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी सांगलीचीच, त्यामुळे हा अंक सांगलीकरांचा असं समजा, बाकीच्यांनी रागावू नका, तुमची पुढच्या वेळी घेते.

प्रश्न : काकू, मिस्टरांची बदली झाली म्हणून पुण्याहून सांगलीत आलो, विश्रामबागला भाड्यानं राहतोय. इथे सुट्टीच्या दिवशी काय करायचं विचारलं की सगळे म्हणतात कोल्हापूरला जा नाहीतर महाबळेश्वरला जा. सांगलीत राहून सांगलीत काहीच नाही का? — बदलीवाली, विश्रामबाग

अगं आहे की! पण तू पॉइंट बघायला निघालीस तर दुपारपर्यंत गाव संपेल, गणपती मंदिर झालं, आयर्विन पूल झाला, घाटावर फोटो झाले आणि मग रिक्षावाल्याला विचारणार आता कुठे, तर तो म्हणणार हरिपूरला चला. (हरिपूरला जाच, कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, पण संध्याकाळी जा, भर उन्हात नको.) इथली मजा महिन्यावर चालते बघ. कुठला महिना चालूय, यार्डात काय आलंय, मंडईत काय आलंय, त्यावर सुट्टी ठरवायची.

जानेवारी-फेब्रुवारीत नवीन हळद यायला लागते, तेव्हा एक दिवस सकाळी मार्केट यार्डात जा. कुणी आडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) ओळखीचा असला तर उत्तम, नसला तरी बाजूला उभं राहून सौदे बघता येतात, फक्त हमालांच्या वाटेत उभी राहू नकोस, पाठीवर पोतं असलेला माणूस थांबत नसतो. हळदीचे ढीग, हवेत पिवळी धूळ, हमालांचे सदरे कोपरापर्यंत पिवळे, आणि व्यापारी येतो, ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि कटकन मोडतो. आवाज खणखणीत आला आणि आत गडद केशरी निघालं की त्याचा चेहरा हलत नाही पण बोली वर जाते. मोडताना नुसतं वाकलं तर समजायचं माल नीट वाळलेला नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (म्हणजे त्या त्या गावच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालं, त्यातली राजापुरी हळद इथली लाडकी. पूर्वी हरिपूरला जमिनीखाली पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची म्हणे, 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली आणि आता सगळं कोल्ड स्टोरेजमध्ये. येताना अख्खी हळकुंडं घे आणि गिरणीत दळून आण, मग पाकिटातली हळद तुला फिकी वाटायला लागेल, तो खर्च तुझ्या मिस्टरांना आधीच सांगून ठेव.

थंडीत कृष्णाकाठची वांगी. मंडईत गेलीस की देठाला काटे असलेली, हाताला हलकी लागणारी घ्यायची, जड वांग्यात बिया असतात. भरीत कर, वर कच्च्या तेलाची धार, बाजरीची भाकरी, बाकी काही करू नकोस त्या दिवशी.

भाद्रपदात गणपती मंदिराचा चोर गणपती बघायचा, चतुर्थीच्या आधीच गुपचूप येऊन बसतो म्हणून चोर, वाजंत्री नाही काही नाही. आणि 5 नोव्हेंबरला नाटक. 1843 मध्ये याच गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, म्हणून तो दिवस रंगभूमी दिन. त्या सुमाराला भावे नाट्यमंदिराच्या बाहेर बोर्ड बघत जा. इथला प्रेक्षक मात्र कडक आहे हं, आवडलं नाही तर टाळी मिळत नाही, आणि आवडलं तर मध्यंतरात चहाच्या कपाबरोबर अख्खा दुसरा अंक कसा व्हायला पाहिजे ते सांगतात.

प्रश्न : काकू, माहेर सांगली, आता ठाण्यात. आई करते तसं भडंग करायला जाते पण दुसऱ्या दिवशी सादळतंच. काय चुकतं? — भडंगवेडी, ठाणे

तीन गोष्टी असतात बाई, आणि पहिली म्हणजे चिरमुरे. भेळेचे बारीक कुरमुरे घेतलेस तर संपलंच, भडंगाला मोठे, टपोरे, जाड चिरमुरे लागतात, ते माहेराहूनच आण. ठाण्याची हवा दमट, त्यामुळे आणल्यावर आधी कढईत मंद गॅसवर नुसते परतून घ्यायचे, हातात चुरले की कुर्रकन मोडले पाहिजेत.

दुसरी गोष्ट लसूण, आणि माझा संशय इथेच आहे. लसूण सालासकट ठेचायचा आणि तेलात मंद आचेवर तळायचा, घाई केलीस तर बाहेरून लाल आणि आतून ओला राहतो आणि तोच ओलावा रात्रभर डब्यात फिरतो. झारा हलवला की लसूण खुळखुळला पाहिजे. मग त्याच तेलात शेंगदाणे, मग कढीपत्ता (धुतलेला असेल तर कोरडा करून, तडतडून तेल अंगावर येईल), मग गॅस बंद. तिखट गरम तेलात टाकायचं नाही, काळं पडतं. तिखट, मेतकूट, मीठ, पिठीसाखर हे चिरमुऱ्यांवर भुरभुरायचं आणि कोमट झालेलं तेल वरून ओतून हातानं वरखाली करायचं, चमच्यानं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. कांदा, कोथिंबीर, लिंबू हे वाटीत घेतल्यावर, डब्यात कधीच नाही. एवढं करून सादळलं तर घरातलं कुणीतरी झाकण उघडं ठेवतंय, त्याला शोध.

प्रश्न : काकू, मी सोलापूरचा, शिकायला सांगलीत आहे. पाऊस लागला की मेसच्या मावशींपासून पानवाल्यापर्यंत सगळे "किती फूट?" विचारतात आणि छत्री घेऊन पुलावर पाणी बघायला जातात. यात मजा काय आहे? — कोरड्या गावचा

अरे बाळा, तू सोलापूरचा, तुला कसं कळणार! आयर्विन पूल 1929 चा, आणि सांगलीकर नदी मोजतो ती त्या पुलापाशी. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. त्याच्या खाली असेपर्यंत ती मजाच असते, भाजलेलं कणीस हातात, गढूळ पाण्यातून वाहत येणारे ओंडके, आणि प्रत्येक जण धरण अधिकारी झालेला, कोयनेतून किती सोडलं, वारणेचं काय, अलमट्टीवाले काय करतायत. एकजण म्हणणार उतरलं, दुसरा म्हणणार चढतंय, दोघंही त्याच पायरीकडे बघून. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं आणि लोकांच्या घरात माळ्यापर्यंत आलं, त्या वर्षीच्या गप्पा कुणी हसत करत नाही, तूही मावशींसमोर "काय एवढं" म्हणू नकोस, त्यांनी काय बघितलंय माहीत नाही. आणि पाणी ओसरल्यावर मित्रांच्या नादानं घाटावरून उडी बिडी मारू नकोस, कृष्णेत मगरी आहेत, गोष्टीतल्या नाहीत, खऱ्या.

प्रश्न : काकू, आईवडील एका दिवसासाठी येतायत, दोघांनाही गाण्याची आवड, चालवत फार नाही. कुठे नेऊ? — लेक, कुपवाड

मिरजेला ने, लांब नाही. सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, कुणी जवारी काढत बसलेला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून तारेचा आवाज उघडत बसलेला, हे काम बघताना तुझे वडील हलणार नाहीत, स्टूल मागून घे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये वेगवेगळं जीआय मिळालंय. कारागिराला मधे मधे प्रश्न विचारू नका, तो कानानं काम करतोय, थांबला की मग विचारा, भरपूर बोलतात. तिथून मीरासाहेब दर्ग्यात जाऊन या. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली गाण्याची बैठक होते, त्या दिवसांत आणता आलं तर आणखी चांगलं, पण रात्रीची जागरणं झेपणार असतील तर.

प्रश्न : सांगलीहून निघताना पाहुण्यांनी काय न्यावं? एकच सांगा. — घाईतला

बेदाणा. चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो तेव्हा भावावरून फार घासाघीस करू नका. मूठभर घेऊन दाबा, सुटा राहिला तर घ्या, गोळा झाला तर पुढच्या दुकानात जा.